विद्याधरकाकांचं अस्वल

विद्याधरकाका नवीन माणसाला भेटले की आधी त्याला तोंड उघडायला लावतात. नमस्कार नंतर.

आम्ही अमेरिकेतल्या नेपरव्हिलला राहायला आलो, त्या दिवशी मी ट्रकमधून गादी उतरवत होतो. शेजारच्या घरातून स्वेटर घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ आले आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "आ करा. अजून मोठा. आता मान मागे."

गादी धरूनच मी आ केला.

"वा! सोपी मान आहे," ते खूश होऊन म्हणाले. "नागपूरचे का?"

"पुण्याचा."

"असू द्या."

काका भूलतज्ज्ञ. सगळी नोकरी इथल्याच एका हॉस्पिटलात झाली, आता निवृत्त. माणसाच्या घशात नळी घालणं सोपं जाईल की अवघड, यावर त्यांनी जगाची वाटणी केलेली आहे. माझ्या सासूबाईंना पहिल्याच भेटीत त्यांनी "फार अवघड केस" म्हटलं. सासूबाई त्यानंतर दोनदा अमेरिकेत येऊन गेल्या, पण काकांकडे चहाला काही गेल्या नाहीत.

एरवी माणूस अत्यंत निरुपद्रवी. अंडंसुद्धा न खाणारा. घरात कोळी दिसला तर वाटीखाली धरून अंगणात सोडणार आणि वर "जा बाप्पा" म्हणून त्याला निरोप देणार. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी क्युपर्टिनोला. घरात काका आणि वाटीखालचे कोळी.

असे हे काका ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आमच्याकडे आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी अस्वलाच्या शिकारीला जाऊन राहिलो."

माझी बायको मृणाल पोहे ढवळत होती. तिचा हात थांबला.

"बघायला?" तिने विचारलं.

"मारायला. लायसन निघालं ना! लॉटरी असते त्याची. कितीतरी वर्षं नंबरच लागत नाही लोकांचा, माझा पहिल्याच वर्षी लागला."

"पण काका, का?"

"व्यायाम होतो," काका म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागले.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी कुणाला सांगितलं, "माणसानं एकदा सगळं पाहावं." मुलीला फोनवर सांगितलं, "डॉक्टरनंच सुचवलं." तिने घाबरून मला फोन केला. "दादा, बाबा ठीक आहेत ना? विसरतात वगैरे का?" मी काय सांगणार? शिकारीच्या लायसनसाठी कोर्स करावा लागतो. तो काकांनी सहावी-सातवीतल्या पोरांच्या शेजारी बसून केला होता आणि परीक्षेत वर्गात पहिले आले होते. विसरणारा माणूस असा पहिला येत नाही.

त्यांच्या जोडीला गॅरी होता. गॅरी म्हणजे काकांच्या पलीकडचं घर. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला, हत्तीसारखा, अबोल माणूस. त्याची बायको लिंडा गेल्या हिवाळ्यात वारली होती. गॅरी हरणं मारायचा, पण अस्वलाच्या वाटेला कधी गेला नव्हता. लायसनचा अर्ज दोघांनी मिळून केला होता. त्यालाही विचारून पाहिलं. तो खांदे उडवून, काकांच्या घराकडे बघत म्हणाला, "डॉक्टरची आयडिया आहे. मी त्याच्यासाठी चाललोय."

काका कुणासाठी चालले होते ते काही कळेना. त्यात काकांनी मला फर्मावलं, "गाडी तू चालव."

"गॅरीचा पिकअप आहे ना? त्यानं तर आयुष्यभर बस चालवलीये."

"तू चालव म्हणतो ना मी!"

चालवली. विस्कॉन्सिनच्या पार उत्तरेला, जिथे फोनला रेंज नाही आणि दुकानात दूध आणि काडतुसं एकाच कपाटात असतात. तिथल्या वाटाड्याने जंगलात एक पोकळ ओंडका ठेवून त्यात शिळे डोनट भरले होते. अस्वलाला डोनट फार आवडतात म्हणे. समोर झाडीत एक हिरवा-मातकट तंबू. त्यात तीन खुर्च्या. आपण आत बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही आणि अस्वल फराळाला येण्याची वाट बघायची.

"अंगाला वास नको," वाटाड्याने बजावलं होतं. "अस्वलाचं नाक फार तिखट."

काकांनी मान डोलावली. तंबूत शिरल्यावर पिशवीतून डबा काढला. मेथीचे पराठे आणि लसणाचा ठेचा.

"काका!"

"चार तास बसायचं आहे. उपाशी काहून बसू?"

गॅरीने एक पराठा ठेच्यासकट खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा मागून घेतला. मग रायफल मांडीवर ठेवून समोर बघत बसला.

मला काहीच उमगत नव्हतं. एक शाकाहारी भूलतज्ज्ञ, ठेचा खाऊन घाम पुसणारा एक बस ड्रायव्हर आणि पुण्याचा एक कोडिंगवाला, असे आम्ही तिघे डोनटवर नजर ठेवून बसलो होतो. उन्हं तिरपी झाली. कुठेतरी सुतारपक्षी टकटक करत होता. हवा उबदार, ओल्या पानांचा वास. काका समोर बघतच नव्हते. ते गॅरीकडे बघत होते.

थोड्या वेळाने गॅरीचं डोकं खाली आलं. परत वर. परत खाली. मग तो खुर्चीत सैल झाला आणि संथ श्वास घ्यायला लागला. काकांनी अलगद त्याच्या मांडीवरची रायफल काढली, गोळी बाहेर घेतली आणि रायफल आपल्या पायाशी ठेवली.

"काका, उठवू का त्याला?" मी कुजबुजलो.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

आणि अस्वल आलं.

आवाज नाही, काही नाही. झाडांमधली सावली जरा जाड झाली आणि पुढे चालायला लागली. एवढं काळं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. ओंडक्यापाशी ते मागच्या पायांवर उभं राहिलं, हवा हुंगली, सरळ आमच्याकडे बघितलं. मग खाली बसून एका पंजाने एक-एक डोनट काढून ते खाऊ लागलं. अगदी शिस्तीत.

काकांची स्वतःची रायफल त्यांच्या हातात होती. अस्वल समोर, उघड्यावर, उभं-आडवं हवं तसं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी रायफल हळूच माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली.

"मारा ना!" माझ्या तोंडून गेलं. मला अस्वल मरायला हवं होतं असं नाही. पण एवढं सगळं केलं ते कशासाठी?

"वेडा आहेस का?" काका माझ्या कानात म्हणाले. "गॅरी उठेल ना!"

अस्वलाने सगळे डोनट संपवले, ओंडका पालथा करून बघितला आणि गेलं. गॅरी पार अंधारू लागेपर्यंत झोपला. उठला तेव्हा कुठे आहोत तेच त्याला कळेना. मग त्याने पालथा ओंडका पाहिला, काकांच्या पायाशी पडलेली आपली रायफल पाहिली.

"आलं होतं?"

"हो," काका म्हणाले. "छान होतं."

"आणि तू..."

"कोर्समध्ये शिकवलंय. खात्री नसेल तर गोळी झाडायची नाही."

गॅरी त्यांच्याकडे बघत राहिला. मग चेहरा दोन्ही हातांनी चोळला आणि जरा वेळ हात तसेच ठेवले. "लिंडा गेल्यापासून पहिल्यांदा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत निघालो. गॅरी मागच्या सीटवर आडवा होऊन पुन्हा झोपला होता. मला आता कुठे गाडी चालवण्याचं कोडं सुटलं होतं. झोप न झालेल्या माणसाच्या हाती काका चाक देणार नव्हते.

"झोपेची गोळी देऊन पाहिली, सगळं केलं," काका हळू आवाजात सांगत होते. "घरात त्याला झोपच येईना. पलंग पाहिला की उठून बसतो. म्हटलं, कुठंतरी दूर न्यावं. मोकळ्या हवेत, बोलायचं नाही, हलायचं नाही, शेजारी कोणीतरी बसलेलं. अस्वलाशिवाय त्याला असं कोण बसवणार होतं?"

"पण तुम्हाला कसं कळलं? त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं."

"त्याच्या गॅरेजचा दिवा रात्रभर चालू असतो. माझ्या खिडकीतून दिसतो."

पुढे बराच वेळ दोन्हीकडे नुसती मक्याची शेतं होती. काका काय म्हणाले ते माझ्या डोक्यात हळूहळू उतरत होतं. रात्रभर चालू असलेला दिवा रात्रभर कुणाला दिसतो?

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते समोर बघत होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती मी इतकी वर्षं वयाच्या खात्यात टाकली होती.

"काका," मी म्हणालो, "सीट मागे करा आणि पडा जरा."

"अरे, नाही नाही. तुझ्याशी बोलायला कोणी नको का?"

"मला नको. रस्ता सरळ आहे. मी आहे ना जागा."

थोड्या वेळाने सीटचा खटका वाजला. मी रेडिओ बंद केला, वेगाची डावी लेन सोडली आणि ट्रकच्या मागे सावकाश चालवत राहिलो. घर जवळ आलं तेव्हाही दोघं झोपलेले होते. वळण घेतलं नाही, तसाच पुढे गेलो.