मिस्त्रींची थरथरती फळी

उभं आयुष्य मिस्त्रींनी लोकांच्या वॉशिंग मशीनची थरथर बंद करण्यात घालवलं, आणि सत्तरीला टेकल्यावर ती मुद्दाम सुरू करायचं ठरवलं. तिथेच बिनसलं.

कारण बायको. तिला फायब्रोमायल्जिया. म्हणजे अंग अंग ठणकतं, रिपोर्टात काही सापडत नाही, शिवाय चालताना तोल जातो. (पहिली दोन वर्षं मिस्त्री याला ढोंग म्हणत. ती ते विसरलेली नाही.) तीन महिने ती व्यायामाच्या बाईंकडे जात होती. थरथरत्या फळीवर गुडघे वाकवून उभं राहायचं, मग एका पायावर. दुखत असलं तरी एक दिवस खाडा नाही. एका पायावर दहा आकडे झाले की जिना एकटीने उतरायची मुभा मिळणार होती. गाडी सातावर अडली होती.

"फळीच ना? घरी करून देतो," मिस्त्री म्हणाले.

"नको हो. बाईंचं मशीन मोजून थरथरतं."

"मशीनचं मला शिकवू नकोस."

त्यांनी मोरीतल्या जुन्या वॉशिंग मशीनचा एक पाय काढला, ड्रममध्ये एका बाजूला ओली सतरंजी कोंबली, वर फळी ठोकली आणि आधी स्वतःच चढले. (बायकोच्या काळजीने, असं ते सांगतात.)

पिळणं सुरू झालं. मशीन थरथरलं, मग चालायलाच लागलं, आणि मोरीच्या दारात येऊन अडकलं. वर मिस्त्री, दोन्ही हात कपड्यांच्या दोरीला, कवळी ताशासारखी वाजतेय.

"अ-अगं, ब-बटण."

बायको आली. बटण दाराबाहेरच्या भिंतीवर. पण नळी निसटून खाली पाणीच पाणी. कोरडी फरशी एकच, तीही एका पायापुरती. ती त्यावर उभी राहिली. दुसरा पाय उचलला. बोट बटणाजवळ नेलं आणि थांबली.

"एक... दोन..."

"द-दाब ना."

"मध्ये बोलू नका, तोल जातो. पाच... सहा..."

सात आला. पाय डळमळला, तिने सावरला. आठ. मिस्त्रींनी शेकडो मशीनं सरळ उभी केली होती, पण इतकं सरळ उभं राहिलेलं काही बघितलं नव्हतं. त्या अवस्थेतही ते मनात मोजत होते. नऊ. दहा.

मग तिने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला मुभा दिली आणि सहज मिस्त्रींनाही एका पायावर उभं केलं. ते तीनला कोसळले.

आता जिना एकट्याने उतरायची मनाई मिस्त्रींना आहे. बायको हात देते. कंबर दुखते म्हणाले, की म्हणते, "ढोंग."