रावेरचा पाहुणा

आमच्या जळगावच्या कॉलनीत एक माणूस रोज दुपारी बारा वाजता स्वतःच्याच घरी पाहुणा म्हणून जातो. सुकलालनाना. मागच्या दारानं बाहेर पडायचं, टोपी चढवायची, हातात केळ्यांची फणी घ्यायची आणि पुढच्या दाराची बेल वाजवायची.

"वहिनी, सुकलाल शे का घरमा?" हे स्वतः सुकलाल विचारतात. आणि तेही स्वतःच्या बायकोला!

भिंतीला भिंत लागून माझं घर, त्यामुळे हे नाटक मी रोज फुकट बघते. पहिल्यांदा वाटलं, नानांचंच डोकं फिरलं. पण विसरण्याचा आजार अक्कांना आहे, त्यांच्या बायकोला. नवरा म्हणून नाना समोर बसले की अक्का ताट ढकलतात. "हा कोण माणूस माझ्या घरात?" दारात पाहुणा दिसला की मात्र पदर सावरून उठतात. "ते बाहेर गेलेत, येतीलच. बसा ना भाऊ." पाहुण्याला एकट्याला जेवू देणं त्यांच्या रक्तात नाही, म्हणून सोबत स्वतःही जेवतात. दिवसभरात पोटात जातं ते तेवढंच.

नाना कसर सोडत नाहीत. केळी काळी पडेपर्यंत तीच फणी मागच्या दारानं बाहेर, पुढच्या दारानं आत. "रावेरचा माणूस मी! रिकाम्या हातानं जाऊ का?" उभा जन्म तिथं केळीचे ट्रक भरण्यात गेला, तो रुबाब अजून उतरलेला नाही.

भानगड होती शिऱ्याची. पाहुण्याला गोड वाढल्याशिवाय अक्कांचं समाधान नाही, आणि पाहुण्यानं वाटी बाजूला सारली की त्यांचाही हात थांबायचा. सकाळी शिरा करणार नाना, दुपारी खाणार नाना. आणि नानांना शुगर! अक्कांच्या गोळ्यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं, स्वतःच्या गोळ्या कुठे ठेवल्या त्याचा पत्ता नाही.

"अहो नाना, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मी कुंपणाच्या भिंतीवरून ओरडायची.

"डॉक्टर येईल का पाहुणा म्हणून? मग?"

हट्टी म्हातारा. बोलून बोलून माझा घसा बसला.

आणि एक दिवस बेल वाजलीच नाही. बघते तर नाना फाटकापाशी आडवे, केळी तशीच हातात घट्ट. चार दिवस दवाखान्यात राहिले.

मी टोपीऐवजी डोक्यावर पदर घेऊन, शिरा करून पाहुणी झाले. अक्का म्हणाल्या, "तू तर शेजारची. तुझं काय कौतुक?" एरवी मला कधी ओळखत नाहीत, नेमकं तेव्हा ओळखलं! चार दिवस त्या कपभर दुधावर राहिल्या. मी दवाखान्यात जाऊन नानांना झापलं. "तुम्ही पडलात तर त्यांना कोण जेवू घालणार?"

नाना सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले. "पाहुणा नाही म्हणाला अन् ती ताटावरून उठली तर?"



पाचव्या दिवशी बेल वाजली. अक्कांनी पानं वाढली, शिऱ्याची वाटी पुढे केली. नानांनी हात जोडले. "माले शुगर शे, वहिनी. शिरा नको."

अक्कांचा हात थांबला. मी दारातच उभी होते. 

"आमच्या ह्यांना बी शे," त्या म्हणाल्या. "कोणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. सांगाल भाऊ?" वाटी बाजूला ठेवली, नानांच्या ताटात भाकरी मोडून घातली आणि स्वतः घास घेतला.

"सांगतो, वहिनी."

"आणि घरी या म्हणावं. फार दिवस झाले, आलेच नाहीत."

नानांनी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. रडणारा पाहुणा कसा चालेल?

आता बारा वाजता ते मागच्या दारात उभे राहून आधी आपली गोळी घेतात. भिंतीवरून मला म्हणतात, "निरोप पोचला बरं का सुकलालला." मग टोपी चढवतात, केळी उचलतात आणि पुढच्या दाराकडे निघतात.