पदरचं काही न घातलेली प्रत

अर्पिताच्या कीबोर्डच्या परीक्षेसाठी पुस्तक निवडायचं होतं, आणि ते काम तिच्या आजोबांनी, बेंबळीच्या बलभीमबुवांनी, स्वतःकडे घेतलं होतं. चाळीस वर्षं कीर्तनात पेटीची साथ केलेला माणूस. तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या अवघड बरोक रचनांना तो काय भिणार?

मोबाइलवर तीन आवृत्त्या दिसत होत्या. एकीत बोटांचे आकडे, दुसरीत ओळीओळीला सूचना, तिसरी अगदी कोरी.

"क्लासच्या करिश्मा मॅडम म्हणल्यात," अर्पिता म्हणाली, "मूळ हस्तलिखिताबरहुकूम छापलेलीच आणा. दुसऱ्या कुणी पदरचं घातलेलं चालत न्हाय."

"मग तिसरीच!" बुवा खूश झाले. "आमचे म्हाराज अभंग मूळ पोथीतलाच घेतात. रंग आपण भरायचा असतो."

पुस्तक आलं. बुवांनी पोथी म्हटलं, एवढं तारामतीआजींना पुरलं. त्यांनी ते पाटावर उघडून ठेवलं, मनोभावे हळदकुंकू वाहिलं, वर तुळशीपत्रानं पाणी शिंपडलं आणि लाल फडक्यात बांधून देवघरात नेलं.

"आजी, मला रोज वाजवायचंय त्यातलं!"

"मग झेरॉक्स काढ की. पण आंघोळ केल्याबिगर पोथीला हात लावायचा न्हाय."

झेरॉक्सच्या मशीनला कुंकू आणि सूर यांतला भेद कुठला कळायला? पानावर उमटलेले कुंकवाचे अकरा ठिपके काळे होऊन सुरांच्या रांगेत जाऊन बसले. मॅडम महिनाभर रजेवर. अर्पिता इमानानं अकराही वाजवू लागली.

"आबा, हितं लई वंगाळ लागतंय."

"छापलंय न्हवं? मग आपलंच चुकतंय. त्या सुरावर बसू नगंस. मागनं घसरत ये, निसतं शिव, आन् फुडं जा."

असे अकराही ठिपके बुवांनी एकेक करून गोडीत आणले.

धाराशिवला परीक्षेत अर्पिताचं वाजवून झालं, तसे परीक्षक स्वतःच्या प्रतीवरून बोट मागं-पुढं फिरवू लागले.

"माझ्या प्रतीत हे सूर नाहीत. तुमची आवृत्ती दाखवा."

तिनं सोबत आणलेल्या मूळ पुस्तकाचं फडकं सोडलं. चिमूटभर कुंकू परीक्षकांच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं आणि पानावरचे लाल ठिपके पाहून अर्पिताला सगळं एका क्षणात कळलं. वर्ष गेलं! रडवेल्या आवाजात तिनं सगळं सांगून टाकलं.

परीक्षकांनी एकेक ठिपका मोजला.

"पोरी, त्या काळचे वादक मूळ सुरांभोवती स्वतःची नक्षी विणायचे. म्हणून तर ही आवृत्ती कोरी ठेवतात. मुलं मात्र जन्मभर कोरंच वाजवतात! ही नक्षी बसवली कुणी?"

तिनं दाराकडे बोट केलं. बुवा टोपी सावरत आत आले. परीक्षकांनी त्यांच्यासमोरच विशेष प्रावीण्याचा शेरा लिहिला. बुवांनी तिथूनच पांडुरंगाला हात जोडले.

"आणि ठिपके?"

"ते आमच्या मंडळीचे."

परीक्षकांनी हळूच आपली प्रत पुढे सरकवली. "बाईंना विचाराल? माझ्याही प्रतीवर..."

"विचारतो की," बुवा हात मागे घेत म्हणाले, "पर सायेब, तुमी पोथीला हात लावलाय. आंघोळ झालीय न्हवं?"