रामनगरला न पोचणारी दवाई

आमच्या नानांना औषधाच्या दुकानात रांगेत उभं करू नये. पुढच्या माणसाची चिठ्ठी ते त्याच्या खांद्यावरून वाचतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "घर में कोई दूध पिलानेवाली है का?" एकदा पुढे सत्तरीचे ब्रह्मचारी महाराज होते. त्यांनी खोकल्याची बाटली तिथेच सोडून काढता पाय घेतला.

नाना म्हणजे आमचे घरमालक. अहिल्याबाई घाटामागच्या गल्लीत त्यांच्या कैक पिढ्यांनी पौरोहित्य केलं. नानांनी कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं. आईने घेतलेलं औषध तिच्या दुधात किती उतरेल, याचं गणित मांडणं हा त्यांचा जन्माचा ध्यास. मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून इथे आले आणि वर्षभरात मला दिवस गेले, तेव्हा सासूबाईंपेक्षा नानाच जास्त खूश झाले. गिऱ्हाईक घरातच मिळालं होतं!

"अगं, एकदम सोपं आहे," ते मला समजवायचे. "रक्त म्हणजे हा किनारा, दूध म्हणजे नदीपलीकडचं रामनगर, मध्ये नाव. दवाई लठ्ठ असली की नावेत मावत नाही. रक्तातल्या प्रथिनांचा हात धरून बसली तर उठतच नाही. आणि तुपकट असली ना, तर सगळ्यांच्या आधी चढते!" हा नियम ते माणसांनाही लावत. माझ्या अगडबंब दिरांना पाहून माझ्या कानात पुटपुटले, "हे काही रामनगरला जात नाहीत."

मुलगी दीड महिन्याची झाली आणि माझी दाढ सुजली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "दस दिन दूध बंद." पोर बाटलीला तोंड लावेना. ती रडे, तिच्याबरोबर मी रडे. गोळी हातात तशीच होती.

नाना जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर गणित मांडून बसले. औषधाची मात्रा लिहिली, बाळाचं वजन लिहिलं. "दिवसातून किती वेळा पिते? एका बाजूला की दोन्ही?" माझा नवरा गॅलरीत जाऊन कबुतरं बघू लागला.

"नाही पोचत!" तासाभराने नाना ओरडले. "पोचलीच तर चिमूटभर. पण हा अंदाज झाला. अंदाजावर लेकरू ठेवायचं नाही. चल, डॉक्टरला विचारू."

कॅलेंडर काखेत मारून ते आम्हा दोघींना घेऊन दवाखान्यात शिरले. डॉक्टरांनी कॅलेंडर उलटसुलट पाहिलं, एक जाडं पुस्तक चाळलं, बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. मग म्हणाले, "पिलाइए. बस, बच्ची पर ध्यान रखिएगा." नानांनी बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ही खबर दिली. पोर तिथेच बाकावर पदराखाली चुटूचुटू प्यायली. मला इतकं हलकं वाटलं की दाढेचं दुखणंही विसरले.

सूज उतरल्यावर मी पेढे घेऊन खाली गेले. नाना घाटावर गेले होते. टेबलावर त्यांची वही उघडी होती. पाहते तर चार-पाच पानांनी पुन्हा पुन्हा तेच एक औषध, तेच बाळ: वजन साडेतीन किलो. शाई वेगळी, अलीकडचं अक्षर थरथरतं. उत्तर मात्र दर वेळी एकच: पोचत नाही.

"हे बाळ कोणाचं, माई?" मी नानांच्या बायकोला विचारलं.

"आमची सुमी. आता लखनौला असते, तिची मुलगी पण कॉलेजात जाते." माईंनी पेढा देवापुढे ठेवला. "मला तेव्हा ताप होता. दवाई चालू झाली, तर ह्यांनीच सांगितलं, दूध बंद कर. मी रोज पिळून मोरीत टाकायचे. बरी झाले, तर दूधच येईना. खूप रडले होते."

"मग आता हे गणित कशाला?"

"मी तर केव्हाच विसरले गं. पण नवी किताब आली की हे पुन्हा मांडतात. एकदा तरी 'पोचते' असं निघू दे म्हणतात, म्हणजे तेव्हा दूध बंद केलं ते बरोबरच होतं, असं मला येऊन सांगता येईल त्यांना."