शेवट हवा असल्यास हमीपत्र पाठवावे

पुस्तिकावाल्यांनी ज्या पत्राला उत्तर दिलं नाही, ते एकतीस वर्षं त्यांच्या शब्दकोशात घडी घालून पडलं होतं. एका मासिकाच्या संपादकांचं पत्र. मजकूर मोजून तीन ओळींचा: 'कथा आवडली. वाऱ्यानं उडालेलं पत्र समोरच्या खिडकीतल्या बाईंना मिळालं की नाही, ते लिहायचं राहिलं आहे. शेवट पाठवा, छापतो.'

शेवट सुचला नाही असं नाही. चांगले अकरा सुचले. पण प्रत्येक शेवट वाईट का आहे हे स्वतःला पटवून देण्यात त्यांचा हातखंडा होता. तेवढ्यात पंख्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. काम लिहिण्याचंच होतं. टेबलफॅन कसा जोडावा, कसा पुसावा, त्याच्या जाळीत बोट का घालू नये, हे सांगणारी पुस्तिका लिहायची. खोक्यातून जाणारी ही पुस्तिका जगात कुणीही वाचत नाही, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. लाजऱ्या लेखकाला याहून सुरक्षित जागा कुठली मिळणार?

असंच निवृत्तीपर्यंत निभावलं असतं. पण नव्या पंख्याची पुस्तिका नऊ पानांत आटोपली आणि छापखान्याचा फर्मा, म्हणजे एका तावावर एकत्र छापायची पानं, पडला सोळा पानांचा.

"सात पानं कोरी?" साहेब म्हणाले. "गिऱ्हाइकाला वाटेल, आपण काहीतरी लपवतोय. भरा काहीतरी."

"काय भरू?"

"मला काय विचारता? लेखक तुम्ही ना?"

तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना लेखक असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं, तेही खेकसून. पुस्तिकावाल्यांचे कान लाल झाले. दुपारी त्यांनी जुनी कथा काढली, तिच्यातला वारा काढून टाकला आणि पंखा बसवला.

'पायरी बारा. पंखा टेबलावर ठेवून पहिल्या गतीवर लावावा. टेबलावर त्यानं समोरच्या खिडकीतल्या बाईंना लिहून वर्षभर जवळ ठेवलेलं पत्र आहे. पत्र थरथरतं, पण उडत नाही. पायरी तेरा. दुसरी गती. आता पत्रावर हात ठेवावा. पायरी चौदा. तिसरी गती लावण्यापूर्वी खिडकी बंद असल्याची खात्री करावी. त्यानं केली नाही.'

सोळाव्या पानावर पत्र समोरच्या बाईंच्या बाल्कनीत जाऊन पडलं आणि पुस्तिकावाले पुन्हा तिथंच अडले. तेव्हा त्यांना हमीपत्र आठवलं. प्रत्येक पंख्यासोबत एक छापील कार्ड जायचं. ते भरून पंधरा दिवसांत पोस्टात टाकलं, तरच वर्षभर दुरुस्ती फुकट. तीस वर्षांत अशी चार कार्डं आली होती आणि त्यातलं एक कोरं होतं. पुस्तिकावाल्यांनी पानाच्या तळाशी लिहिलं, 'शेवट हवा असल्यास हमीपत्र भरून पाठवावे,' आणि सुटकेचा निःश्वास सोडला. न लिहिलेला शेवट इतक्या बेमालूमपणे आजवर कुणी लपवला नसेल.

तिसऱ्या आठवड्यात पोस्टमन पोतं घेऊन आला. चौथ्या आठवड्यात तो पोतं टाकून नुसताच बघत उभा राहिला. म्हणाला, "मलाही सांगा की, मिळालं का तिला?"

साहेबांनी बोलावलं तेव्हा टेबलावर कार्डांचा ढीग होता आणि ढिगाआडून आवाज येत होता.

"तीन हजार पंखे विकले, तेवीसशे हमीपत्रं आली! अहो, कुणी पाठवत नाही म्हणून तर आपण हमी देतो!"

"चूक झाली, साहेब."

"आणि ही काय तक्रार आहे का? वाचा!"

पुस्तिकावाल्यांनी चाचरत वाचलं. "'पंखा छान आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं, पत्र मिळालं. माझं म्हणणं, नाही मिळालं. चार दिवस घरात बोलणं बंद आहे. पंखा चालू आहे.'"

"आता हे."

"'पंखा अजून जोडलेला नाही. सासूबाई पुस्तिका हातची सोडत नाहीत.'"

दुरुस्ती खात्याचे तात्या कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "साहेब, माझ्याकडे तर धडधाकट पंखे घेऊन येतात लोक. फुकट तपासून घेतात आणि हळूच विचारतात. एकानं सगळ्या पायऱ्या करून पाहिल्या. त्याचा घराचा करार समोरच्यांच्या बाल्कनीत गेला. समोरचे आता परत देत नाहीत."

"शनिवारपर्यंत शेवट द्या," साहेब म्हणाले. "छापून तेवीसशे जणांना पाठवायचा आणि हा तमाशा मिटवायचा. नाही जमलं तर सोमवारपासून घरी बसा. पंख्याखाली."

नोकरी जाण्याची भीती होतीच. पण तेवीसशे माणसं आपल्या एका वाक्यासाठी खोळंबली आहेत, ही भीती त्याहून मोठी होती. आणि खरं सांगायचं तर, त्या भीतीच्या पोटात कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत शेवटांची संख्या अकरावरून एकोणीसवर गेली. एकही धड नव्हता. बायको समोर बसून घरी आणलेली कार्डं एकेक करून वाचत होती आणि मधेच पदराआड हसत होती. एका कार्डावर मात्र ती थांबली.

"अहो, हे बघा कोण आहेत. लिहिलंय, 'पंखा उत्तम. पूर्वी वारा होता, आता पंखा आहे. शेवट तेव्हाही नव्हता. माझं वय अठ्ठ्याऐंशी. कृपया घाई करावी.'"

पुस्तिकावाल्यांनी शब्दकोश उघडून जुनं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते वाचलं, तारीख पाहिली आणि चष्मा कपाळावर सारला.

"एकतीस वर्षं! म्हणजे ही समोरची बाई माझ्याही आधीची?"

"अगं, ती तशी कुणी नाही. कथेतली आहे."

"असू दे. बरं, त्या पत्रात लिहिलं काय होतं त्यानं?"

"मनातलं."

"आणि खाली सही?"

पुस्तिकावाले विचारात पडले. गृहस्थाला ते चांगलेच ओळखत होते. "सही नसणार. तेवढा धीर नव्हता त्याला."

"मग तिला कळायचं कसं, पत्र कुणाचं ते? दोन जिने उतरून, रस्ता ओलांडून, दारोदार विचारत फिरावं लागणार बिचारीला. पुरुष पत्र उडवून मोकळे!"

पुस्तिकावाल्यांनी पेन उचललं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायच्या आत शेवट कागदावर होता.

'पायरी पंधरा. पंखा बंद करावा, म्हणजे दारावरची घंटा ऐकू येते. दारात त्या उभ्या होत्या. हातात कागद. "सहा घरं विचारून आले," त्या म्हणाल्या. "तुमचाच ना हा? चांगला आहे. फक्त सही राहिलीय." तो पेन शोधायला आत गेला. जाताना त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पंखा पहिल्या गतीवर लावला.'

शनिवारी साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई चांगली निघाली हो." आणि लगेच घसा खाकरला. "यापुढे लक्षात ठेवा. इस्त्री येतेय, हीटर येतोय. गोष्ट घाला, कारण लोक आता मागणारच. पण शेवट त्याच पुस्तिकेत पाहिजे. शेवट मिळाला की कुणी हमीपत्र पाठवत नाही. अर्धवट गोष्ट कंपनीला परवडत नाही, समजलं?"

एकतीस वर्षांपूर्वी संपादकांनी जे प्रेमानं सांगितलं होतं, ते आता नोकरीच्या अटींत आलं होतं. पुस्तिकावाल्यांना इतकं बरं वाटलं की ते चुकून साहेबांना "आभारी आहे" म्हणाले.

बाकीच्यांना शेवट कंपनीच्या शिक्क्यानिशी गेला. एक पाकीट मात्र त्यांनी स्वतः लिहिलं. आत शेवट, आणि त्याखाली, 'उत्तरास विलंब झाला, क्षमस्व.' पोस्टाच्या पेटीपाशी बायकोनं पाकीट उघडायला लावलं. तिची शंका खरी निघाली. सही राहिली होती. तिच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी ती केली आणि पाकीट पेटीच्या तोंडात घातलं. पण हात काही बाहेर येईना.

"आता काय झालं?"

"नाही, म्हणजे... ती सहा घरं. चार पुरली नसती का?"

"सोडा ते," बायको म्हणाली.

त्यांनी सोडलं.