इंजिन मळू नये म्हणून

मोटारीचं इंजिन झाकणाखाली असतं आणि ते कोणाला दिसत नाही. त्यामुळे ते स्वच्छ ठेवणं ही निव्वळ चारित्र्याची बाब आहे. सोलापुरातले सेवानिवृत्त मुख्य लिपिक वेणीमाधवराव यांनी चारित्र्याच्या बाबतीत कधी हयगय केली नव्हती.

गाडी पाच वर्षांची. एकूण धाव चार हजार एकशे किलोमीटर. पैकी पत्नी पद्मजाबाईंच्या माहेरी, म्हणजे माढ्याला, फेऱ्या शून्य. (दोनदा निघाले होते. एकदा आभाळ आलं, एकदा रस्त्याचं काम चालू असल्याचं कानावर आलं.) पण या रविवारी माढ्याला भाचीचा, चेतनाचा साखरपुडा होता.

"यंदा मी भावाच्या दारात आपल्या गाडीतूनच उतरणार," पद्मजाबाईंनी बजावलं.

वेणीमाधवरावांनी मंजुरी दिली. फक्त माढ्याच्या मंडळींपैकी कोणी बॉनेट उघडलंच तर काय, हा प्रश्न उरला. (साखरपुड्यात बॉनेट उघडल्याची आजवर नोंद नाही. पण नोंद नाही म्हणून गाफील राहणं हे कचेरीच्या शिस्तीत बसत नाही.)

शनिवारी सकाळी कामास प्रारंभ झाला. इंजिन थंड असावं, हा पहिला नियम. वैशाखात सोलापुरात इंजिन थंड होत नाही, माणसांइतकं गरम होऊन थांबतं. तेवढ्यावर समाधान मानण्यात आलं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि हवा आत घेणारं तोंड यांवर शेंगाचटणीच्या रिकाम्या पिशव्या चढवून रबर लावले.

समोरचे ईश्वरप्पा कुंपणाला टेकून बघत होते. "आज नळ आलाय की. पाइप लावून हाणा, लई झ्याक निघतंय," ते म्हणाले.

गल्लीत पाइप लावून धुतलेली इंजिनं दोन, दोन्ही ईश्वरप्पांची. दोन्ही गाड्या टोचन लावून गॅरेजला गेल्या. ईश्वरप्पांचा पाइपवरचा विश्वास अजून अबाधित आहे.

वेणीमाधवरावांनी पाइपाकडे पाहिलंही नाही. भांड्यांचा साबण, तांब्याभर पाणी, जुने टूथब्रश चार आणि टेरी टॉवेल एक (घरातला नवा). चार तासांनी काळ्या चिकट राड्यातून इंजिन नावाची वस्तू प्रकट झाली. नळ्यांवरची बारीक अक्षरं वाचता येऊ लागली. त्यांनी ती दोनदा वाचली. एवढा आनंद त्यांना स्वतःच्या निरोप समारंभातही झाला नव्हता. दुपारपर्यंत अकरा जण दर्शन घेऊन गेले. त्यांतल्या दोघांनी चपला काढल्या.

सगळं वाळल्यावर पिशव्या उतरवल्या, वायर जोडली, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. वेणीमाधवरावांनी ते चार सेकंदांत बंद केलं, कारण त्यांच्या मनात माढ्याच्या रस्त्यावरची धूळ आली होती. मग इंजिन मळण्याच्या कारणांचा त्यांनी शांतपणे विचार केला. मुख्य कारण एकच निघालं: गाडी चालवणं.

रविवारी सकाळी पद्मजाबाई आवरून बाहेर आल्या, तर गाडीवर सोलापुरी चादर आणि दारात एसटी स्टँडला जाणारी रिक्षा. त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, मग घेतली कशाला गाडी?"

"मळेल गं," वेणीमाधवराव म्हणाले. आणि विषय बदलावा म्हणून म्हणाले, "तू पण ही साधी साडी का नेसलीस? लग्नातला शालू कुठाय?"

शालू बत्तीस वर्षं कपाटात होता, मलमलीत गुंडाळलेला, डांबरगोळ्यांसह.

"मळला असता," पद्मजाबाई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

माढ्याला भावाने विचारलं, "गाडी कुठंय?" वेणीमाधवरावांनी मोबाइलवर इंजिनाचे सतरा फोटो दाखवले. एवढं स्वच्छ इंजिन रस्त्यावर आणणं बरं नव्हे, यावर मांडवात एकमत झालं. पद्मजाबाई तेवढ्या पाणी प्यायला आत गेल्या. वहिनीने त्यांना रोजच्या पेल्यातच पाणी दिलं, कारण पाहुण्यांसाठीचा काचेचा सेट शोकेसमध्ये होता.

तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. आधी टीव्हीचा आवाज तेवढा कमी करा, मग हसा. रिमोट हाताशीच असेल, दुकानातून आला त्याच पिशवीत.