काब्रा अझुलचा ड्रॉप

इबिझातल्या 'काब्रा अझुल' क्लबचा ड्रॉप शनिवारी दुपारी खाली यायला तयार झाला नाही.

ड्रॉप म्हणजे तेच हो, गाणं चढत चढत जातं, क्षणभर सगळं गप्प होतं आणि मग बेस धाडकन अंगावर कोसळतो, ते. बेटावर प्रत्येक क्लबचा आपापला ड्रॉप असतो आणि तो छतात, एसीच्या पाइपाशेजारी राहतो. डीजेने बोलावलं की खाली येतो, झालं की वर जातो. ह्यात नवल काही नाही. नवल एवढंच, की रूडीने गाणं पार शेंड्यावर नेऊन ठेवलं, गर्दीने हात वर केले, आणि वरून कोणी आलंच नाही.

रूडी म्हणजे त्या दुपारचा मुख्य डीजे, पोस्टरवर फोटो असलेला. त्याने परत बोलावलं. परत नाही. आता बेटाची रीतच अशी, की ड्रॉप पडल्याशिवाय वर गेलेला हात खाली घ्यायचा नाही. त्यामुळे सगळी पब्लिक हात वर करून उभी. कोणाला नाक खाजवता येईना, कोणाला ग्लास धरता येईना. बारवाले काउंटरवर कोपरं टेकून बघत बसले.

शेवटी मॅनेजर कातालिनाबाई गार्गीला शोधत आल्या. गार्गी ठाण्याची, क्लबची वॉर्म-अप डीजे. म्हणजे मुख्य डीजे यायच्या आधी गर्दी हळूहळू तापवायची, पण ड्रॉपला चुकूनसुद्धा बोलवायचं नाही. तो मुख्य डीजेचा मान. वॉर्म-अपवाल्याने ड्रॉप घेतला, तर बेटावर त्याला परत कोणी उभं करत नाही. गार्गीने हे दोन उन्हाळे इमानदारीत पाळलं होतं आणि पुढच्या शनिवारी तिला पहिल्यांदाच स्वतःचा तास मिळणार होता. घरी फोन करून सांगूनही झालं होतं.

"तुझ्याशी काही त्याचं भांडण नाही," कातालिनाबाई म्हणाल्या. "वर जा, समजूत काढ. ऊन उतरायच्या आत आला नाही तर क्लबला कुलूप. मग तुझा शनिवारही गेला."

गार्गी शिडी चढून वर गेली. ड्रॉप गुडघ्यांवर ओला टॉवेल टाकून आडवा पडला होता.

"काका, चला ना खाली."

"काका काय? पस्तिशीचासुद्धा नाहीये मी."

"सॉरी. पण लोकांचे दंड भरून आलेत हो."

"आणि माझे गुडघे? तुमचा रूडी मिनिटामिनिटाला बोलावतो. खाली ये, वर जा, खाली ये, वर जा. लिफ्ट आहे का मी? कोणी एकदा तरी माणसाची नीट वाट बघावी ना."

माणूस ह्या शब्दावर गार्गीने वाद घातला नाही.

"तू बोलावलंस तर येतो," ड्रॉप म्हणाला. "तुझं रोज ऐकतो मी वरून. कधीच हाक मारत नाहीस. फार बरं वाटतं."

"मी हाक मारली तर माझं इथलं काम संपलं."

"मग राहू दे."

गार्गी शिडीकडे वळली. "मी नाही बोलावणार. मी खाली जाऊन वाजवते. यायचं तर या, नाहीतर झोपा."

"ही काय बोलवायची पद्धत झाली?"

"बोलवत नाहीचे मी."

खाली येऊन तिने रूडीला सरकायला सांगितलं.

"ड्रॉप घेतलास तर बघ," रूडी म्हणाला.

"नाही घेत. सरक."

तिने हळू सुरुवात केली, वरच्या मजल्यावर कोणी चपला घालून फिरतंय इतपत. मग चढवत चढवत अगदी त्या जागेपर्यंत नेलं, जिथे दुसऱ्या कोणीही हाक मारलीच असती, आणि तिथून वळसा घालून परत आणलं. मग पुन्हा. कितीदा तरी. पुढच्या रांगेतल्या एका टकल्या जर्मन गृहस्थाचा हात आपोआप खाली आला. त्याने दचकून बायकोकडे पाहिलं, तर तिचे दोन्ही खाली. हळूहळू सगळ्यांचेच हात कमरेपर्यंत आले आणि कंबरा हलायला लागल्या. तक्रार करायची तर हात वर करावा लागला असता, म्हणून कोणी केली नाही.

मग ड्रॉप आला. कोसळला वगैरे नाही. टॉवेल खांद्यावर टाकून, गुडघे सांभाळत, शिडीची एकेक पायरी उतरला आणि गर्दीत शिरून डोळे मिटून नाचायला लागला. खरं सांगायचं तर त्याला नाचता अजिबात येत नव्हतं.

"घेतलास ना शेवटी," रूडी म्हणाला.

"कुठे? ते आपले आपण आले."

कातालिनाबाईंनी बराच विचार केला. हाक ऐकलेला एकही माणूस सापडला नाही. म्हणजे वॉर्म-अपची रीत मोडलेली नाही, म्हणजे गार्गीचा शनिवार कायम. मात्र फ्लोअरवर नाचतो तो गिऱ्हाईक, तेव्हा यापुढे ड्रॉपने तिकीट काढायचं.

पुढच्या शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या रांगेत उभा होता. पुढच्या मुलीने वळून विचारलं, "इथला ड्रॉप कसा आहे हो?"

"काही कल्पना नाही," तो म्हणाला. "मी गार्गीला ऐकायला आलोय."